मौनाची कसोटी : ल्यूथरपंथीय चर्चमधील पूर्वनियतीचे वाद

ख्रिस्ती धर्मविचारातील 'पूर्वनियती' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील अभ्यासकांना जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनचे नाव आठवते. सृष्टीच्या आरंभापूर्वीच ईश्वराने काही मानवांना तारणासाठी आणि उरलेल्यांना नाशासाठी नेमून ठेवले आहे, असे हे मत थोडक्यात सांगितले जाते. आणि एवढे सांगून झाले की ईश्वरवादाचे खंडन पुरे झाले असे समजून लेखणी खाली ठेवली जाते. आम्हांस ही घाई मान्य नाही. ज्या मताची समीक्षा करावयाची, ते मत त्याचे अनुयायी ज्या रूपात मानतात त्याच रूपात प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणाऱ्याचा उत्तरपक्षही दुबळाच राहतो.

कॅल्व्हिनचे उत्तर कठोर आहे, पण सुटसुटीत आहे. मार्टिन ल्यूथरच्या (१४८३-१५४६) अनुयायांनी मात्र हा सुटसुटीतपणा नाकारला. त्यांनी तीन विधाने एकाच वेळी खरी मानली. पहिले, पतित मनुष्य आपल्या तारणासाठी स्वबळाने काहीही करू शकत नाही. तारण संपूर्णपणे ईश्वराच्या कृपेचे कार्य आहे. दुसरे, ही कृपा सर्व मानवांसाठी आहे. ईश्वराला कोणाचाही नाश नको आहे. तिसरे, तरीही सर्वांचे तारण होत नाही, आणि ज्यांचा नाश होतो त्यांचा दोष सर्वस्वी त्यांचाच असतो. आता प्रश्न उभा राहतो : दोन मनुष्ये सारखीच पतित, सारखीच असमर्थ, कृपाही दोघांसाठी सारखीच. मग एकाचे तारण होते आणि दुसऱ्याचे होत नाही, हे कशामुळे? ईश्वरामुळे म्हणावे तर दुसरे विधान कोसळते; मनुष्यामुळे म्हणावे तर पहिले कोसळते. या एका प्रश्नाने ल्यूथरपंथीय चर्चला चारशे वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही.

हा केवळ तर्कशास्त्राचा खेळ होता असे समजणे चुकीचे ठरेल. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांच्या मनात त्यामागे दुसरा, अधिक भयंकर प्रश्न होता : 'मी कोणत्या गटात आहे?' या भयापासून सुटका करण्यासाठी जो सिद्धान्त मांडला गेला, त्याने ती सुटका खरोखर केली काय, हाच या लेखाचा विषय होय. त्यासाठी आम्ही या परंपरेतील मध्यवर्ती वचन, म्हणजे १५७७ च्या 'एकवाक्यतेच्या सूत्रा'तील (फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड) अकरावे कलम, समीक्षेसाठी घेतले आहे. त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हे त्या कलमाच्या आकलनासाठी जेवढे आवश्यक तेवढेच येथे येईल.

ल्यूथर आणि इरॅस्मस

सप्टेंबर १५२४ मध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्यावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याची भूमिका मवाळ होती. तारणाच्या कार्यात कृपा हे प्रमुख कारण आणि मानवी इच्छा हे गौण कारण, असे तो मानतो. त्याने दिलेला दृष्टान्त मार्मिक आहे. नुकतेच चालू लागलेले मूल पडते. पिता त्याला उचलतो, समोर फळ दाखवतो, हात धरून तेथवर नेतो आणि ते फळ त्याच्या हाती देतो. मुलाने स्वतः फारसे काही केले नाही. पण काहीच केले नाही असेही नाही. हे 'थोडेसे' काढून घेतले तर आज्ञा, उपदेश, बक्षीस आणि शिक्षा या साऱ्यांना काय अर्थ उरतो, असा त्याचा सवाल होता.

डिसेंबर १५२५ मध्ये ल्यूथरने 'इच्छेचे दास्य' या ग्रंथाने उत्तर दिले. मानवी इच्छा ही ओझ्याच्या जनावरासारखी आहे. तिच्यावर ईश्वर स्वार झाला तर ती ईश्वराच्या वाटेने जाते, सैतान स्वार झाला तर त्याच्या वाटेने. स्वार निवडणे तिच्या हाती नाही, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. पुढे १५३७ मधील एका पत्रात, आपल्या ग्रंथांपैकी हा ग्रंथ आणि प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षा एवढेच जतन करण्याजोगे आहेत, असे त्याने लिहिले. म्हणजे हे मत त्याने तारुण्याच्या आवेशात लिहून नंतर सोडून दिले, असे म्हणता येत नाही.

ल्यूथर असे का म्हणतो, हे नीट पाहिले पाहिजे. मठात असताना आपले तारण होणार की नाही या विचाराने तो व्याकूळ होत असे. त्याच्या संघाचा प्रमुख योहान फॉन श्टाउपित्झ याने त्यास सांगितले, की पूर्वनियतीचा विचार छळू लागला तर ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा. ल्यूथरच्या अनुभवाचे सार असे, की तारणाचा एक दाणाही स्वतःच्या प्रयत्नावर अवलंबून असेल तर आपण पुरेसे केले की नाही ही शंका कधीच संपणार नाही. म्हणून त्याने तो दाणाही काढून टाकला. त्याच्या लेखी दास्याचा सिद्धान्त हा मुक्ततेचा सिद्धान्त होता.

परंतु त्यासाठी त्याला एक भयंकर किंमत मोजावी लागली. पापी मनुष्य मरू नये अशी इच्छा करणारा ईश्वर हा प्रकट, उपदेशिलेला ईश्वर. त्याच्या पलीकडे एक गुप्त ईश्वर आहे, ज्याच्या इच्छेचा ठाव मनुष्याने घेऊ नये, असे त्याने म्हटले. ग्रंथाच्या अखेरीस तो तीन प्रकाशांची कल्पना मांडतो. सज्जन दुःख भोगतो आणि दुर्जन सुखात राहतो, हे कोडे निसर्गाच्या प्रकाशात सुटत नाही, पण कृपेच्या प्रकाशात सुटते, कारण या जीवनापलीकडे जीवन आहे. जो पापावाचून दुसरे काही करूच शकत नाही त्याला ईश्वर दोषी कसा ठरवतो, हे कोडे कृपेच्या प्रकाशातही सुटत नाही. ते परलोकीच्या वैभवाच्या प्रकाशात सुटेल. येथे ल्यूथरचा प्रामाणिकपणा आम्ही मान्य करतो. प्रश्न अस्तित्वातच नाही असे तो म्हणत नाही. पण त्याच्या उत्तरातील दोषही येथेच आहे. 'तेथे एक दार आहे, ते उघडू नकोस' असे भयग्रस्त मनुष्याला सांगितले, की त्याची दृष्टी त्या दारावरून हटत नाही.

मेलांक्थॉन आणि वायमारचा वाद

ल्यूथरचा निकटचा सहकारी फिलिप मेलांक्थॉन याने १५२१ मध्ये 'लोकी कोम्यूनेस' या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत इच्छास्वातंत्र्य स्पष्टपणे नाकारले होते. १५३५ च्या आवृत्तीत मात्र मनुष्याच्या परिवर्तनात तीन कारणे एकत्र येतात असे तो लिहू लागला : ईश्वराचे वचन, पवित्र आत्मा, आणि प्रतिकार न करणारी मानवी इच्छा. शौल राजाचा त्याग झाला आणि दावीदाचा स्वीकार झाला, तेव्हा त्या दोघांतच काही भेद असला पाहिजे, असे त्याला वाटे; अन्यथा ईश्वरावर पक्षपाताचा दोष येतो. इरॅस्मसचे 'थोडेसे' अशा रीतीने ल्यूथरच्याच घरात परत आले.

ल्यूथरच्या मृत्यूनंतर यावरून 'सहकार्यवादा'चा वाद पेटला. एका बाजूस लाइपझिगचा फेफिंगर आणि येनाचा व्हिक्टोरिन स्ट्रिगेल, दुसऱ्या बाजूस आम्सडॉर्फ आणि माथियास फ्लासियस. स्ट्रिगेलचा दृष्टान्त त्या काळच्या पदार्थविज्ञानातील होता : लोहचुंबकाला लसणाचा रस चोळला तर तो लोखंड ओढत नाही, पण म्हणून तो लोहचुंबक नाहीसा होत नाही. त्याचप्रमाणे पापाने मानवी इच्छा जखडली गेली आहे, नष्ट झालेली नाही. हे मत राजाज्ञेविरुद्ध धरून ठेवल्याबद्दल १५५९ मध्ये ड्यूकच्या सैनिकांनी स्ट्रिगेलला घरातून उचलून नेऊन कैदेत टाकले होते. ऑगस्ट १५६० मध्ये वायमार येथे दोघांचा जाहीर वाद झाला. पाप हे मनुष्याचे द्रव्य आहे की त्याचा आगंतुक गुण, असा पेच स्ट्रिगेलने टाकला. आणि त्या पेचात सापडून, पतित मनुष्याचे द्रव्यच पाप आहे, असे फ्लासियस बोलून गेला. ते विधान त्याने कधीही मागे घेतले नाही. पुढे त्यालाही येना सोडावे लागले, आणि भटकंतीतच १५७५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे त्याचा अंत झाला.

या वादातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्ही पक्ष एकाच मौनाच्या दोन काठांवर उभे होते. एकाने मनुष्याला थोडे देऊ केले आणि त्याच्यावर कृपेचा अपमान केल्याचा आरोप आला. दुसऱ्याने सारे काढून घेतले आणि त्याच्या हाती मनुष्यच उरला नाही. तिसरा काठ नव्हता.

अकरावे कलम

या आणि अशा अनेक वादांनी जर्जर झालेल्या ल्यूथरपंथीयांना एकत्र आणण्यासाठी याकोब आंद्रेए, मार्टिन केम्निट्झ, निकोलाउस सेल्नेकर आदी धर्मपंडित माग्डेबुर्गजवळील बेर्गेन मठात जमले आणि १५७७ मध्ये त्यांनी 'एकवाक्यतेचे सूत्र' सिद्ध केले. २५ जून १५८० रोजी, ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकाराच्या पन्नासाव्या वार्षिक दिनी, ते ड्रेस्डेन येथे 'एकवाक्यतेच्या ग्रंथा'त प्रसिद्ध झाले. आठ हजारांहून अधिक पाळक व शिक्षक यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याच्या बारा कलमांपैकी अकरावे ईश्वराच्या पूर्वज्ञानाविषयी व निवडीविषयी आहे.

आपल्या पंथात या विषयावर उघड आणि दूरवर पसरलेला वाद झालेला नाही, पुढेही होऊ नये म्हणून हे कलम घातले आहे, अशी त्याची प्रस्तावना आहे. स्ट्रासबर्ग येथे योहान मारबाख आणि जिरोलामो झांकी यांच्यात निवडलेल्यांचा विश्वास नष्ट होऊ शकतो की नाही यावरून १५६१ ते १५६३ असा वाद झालेला असताना हे लिहिले गेले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. एकवाक्यतेच्या ग्रंथांना अशी सौम्य विस्मृती सोयीची असते.

कलमाची पहिली पायरी म्हणजे पूर्वज्ञान आणि निवड यांतील भेद. ईश्वराचे पूर्वज्ञान सज्जन-दुर्जन सर्वांविषयी असते, पण ते दुष्कृत्याचे कारण नसते. निवड मात्र केवळ ईश्वराच्या लेकरांविषयी असते, आणि ती त्यांच्या तारणाचे कारण असते. ही मांडणी हेतुतः विषम आहे. तारणाला ईश्वर कारण आहे, नाशाला मात्र तो कारण नाही. कॅल्व्हिनपंथाशी असलेला त्यांचा मूलभूत भेद तो हाच.

दुसरी पायरी अधिक महत्त्वाची आहे. निवडीचा शोध ईश्वराच्या गुप्त मंत्रणेत घेऊ नये, ख्रिस्तामध्ये आणि शुभवर्तमानात घ्यावा, असे कलम बजावते. निवड म्हणजे ईश्वराने सैन्याची हजेरी घ्यावी तशी 'हा तरेल, तो बुडेल' अशी केलेली गणती नव्हे. तिच्यात संपूर्ण मार्ग येतो. आणि तो मार्ग आठ मुद्द्यांत सांगितला आहे : सर्वांसाठी झालेले उद्धाराचे कार्य, वचनाद्वारे त्याचे दान, त्या वचनातून अंतःकरणात होणारी प्रेरणा, विश्वास ठेवणाऱ्यांचे नीतिमान ठरणे, त्यांचे पवित्रीकरण, संकटात रक्षण, शेवटपर्यंत स्थैर्य आणि अंतिम वैभव. 'मी निवडलेला असेन तर काहीही केले तरी बिघडत नाही, नसेन तर काहीही केले तरी उपयोग नाही', ही विचारसरणी कलम विषासमान मानते. ईश्वराचे बोलावणे वरवरचे आहे, ओठांवर एक आणि मनात दुसरे आहे, असे मानणेही ते निषिद्ध ठरवते. येथपर्यंत या लेखनाची करुणामय दृष्टी आम्हांस आदरणीय वाटते. हे एखाद्या न्यायाधीशाचे लेखन नाही. घाबरलेल्या माणसाशेजारी बसलेल्या पाळकाचे आहे.

परंतु तिसऱ्या पायरीवर कलम अडखळते. मूळ प्रश्न टळलेला नाही हे त्याच्या लेखकांना ठाऊक आहे. ईश्वर एका प्रदेशाला आपले वचन देतो, दुसऱ्याला देत नाही. एका ठिकाणाहून ते काढून घेतो, दुसऱ्या ठिकाणी राहू देतो. सारखाच अपराध असलेल्या दोघांपैकी एक कठोर होतो आणि दुसऱ्याचे परिवर्तन होते. ही वस्तुस्थिती कलम स्वतःच नोंदवते, आणि पौलाने येथे मर्यादा घातली आहे, यापुढे जाऊ नये, असे सांगून थांबते. ज्यांना शिक्षा होते त्यांना त्यांच्या योग्यतेचेच मिळते. त्यांच्याकडे पाहून, आपलीही योग्यता तीच असताना आपल्यावर कृपा झाली हे ओळखावे, असा बोध मात्र ते जोडते.

आमच्या मते या कलमाचा खरा दुबळेपणा येथे आहे. मौनाला आमची हरकत नाही. पण हे निखळ मौन नाही. ज्या ठिकाणी उत्तर देणार नाही असे म्हटले, त्याच ठिकाणी दुसऱ्याचा नाश हा माझ्या कृतज्ञतेचा धडा बनविला आहे. आणि 'दुसरा' म्हणजे कोण? ज्या प्रदेशांना ते वचन मिळालेच नाही ते प्रदेश, म्हणजे १५७७ साली पृथ्वीवरील बहुसंख्य मानव. त्यांनी प्रतिकारही केला नव्हता. त्यांना बोलावणेच पोहोचले नव्हते. कृपा सर्वांसाठी आहे हे दुसरे विधान या एका नोंदीने उणे पडते, आणि ते कसे भरून काढावयाचे हे कलम सांगत नाही.

तथापि हेच कलम आपल्या अखेरीस एक कसोटी देते. ज्या रीतीने शिकविल्यामुळे व्यथित मनुष्याला या सिद्धान्तातून सांत्वन मिळत नाही, अथवा बेफिकीर मनुष्य आपल्या दुष्टपणात पक्का होतो, ती रीत चुकीची समजावी, असा तिचा आशय आहे. कोणत्याही पंथाच्या मतपत्रात स्वतःच्याच अर्थनिर्णयाविरुद्ध वापरता येईल असे माप क्वचितच सापडते. त्याच मापाने आता आपण पुढचा इतिहास मोजू.

विश्वासाच्या दृष्टीने निवड

मौन फार काळ टिकले नाही. सॅम्युएल हूबर हा मूळचा स्विस. कॅल्व्हिनपंथीय मताला विरोध केल्याने त्याला बर्न सोडावे लागले. १५९२ मध्ये तो विटेनबर्गला प्राध्यापक झाला, आणि ईश्वराने सर्व मानवांची निवड केली आहे असे शिकवू लागला. कृपा सर्वांसाठी, तर निवडही सर्वांची, असा त्याचा सरळ हिशेब होता. थोड्याच वर्षांत त्याला तेथूनही घालवून देण्यात आले. त्याला उत्तर देताना एगिडियस हुनियस याने नवे सूत्र रूढ केले : ईश्वराने विश्वासाच्या दृष्टीने निवड केली. कोण विश्वास ठेवील आणि टिकवील हे ईश्वराने अनादिकालापासून पाहिले आणि त्यांनाच निवडले. योहान गेरहार्ट आणि सतराव्या शतकातील बहुतेक धर्मपंडितांनी हे सूत्र स्वीकारले.

सोय उघड होती. ईश्वर पक्षपाती ठरत नव्हता, आणि कॅल्व्हिनपंथीयांना उत्तरही मिळत होते. पण मग विश्वास कोठून आला? तो ईश्वराचे दान असेल तर प्रश्न एक पाऊल मागे सरकला, सुटला नाही. तो मनुष्याचा असेल तर इरॅस्मसचे फळ पुन्हा मुलाच्या हातात आले.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदविला पाहिजे, कारण पुढील संघर्षाचे मूळ त्यात आहे. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 'एकवाक्यतेचा ग्रंथ' आपल्या राज्यात येऊ दिला नाही. नॉर्वे त्या वेळी डॅनिश राजसत्तेखाली होता. त्यामुळे नॉर्वेजियन चर्चने अकरावे कलम आपले मतपत्र म्हणून कधी स्वीकारलेच नाही. तेथील मुलांनी निवडीचा सिद्धान्त शिकला तो एरिक पोंटोपिडान याच्या १७३७ च्या प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षेतून. तिच्यातील ५४८ व्या प्रश्नाचे उत्तर हुनियसच्या वळणाचे आहे : जे देऊ केलेली कृपा स्वीकारतील आणि विश्वासात टिकतील असे ईश्वराने आधीच पाहिले, त्यांना त्याने अनंत जीवनासाठी नेमले. जर्मनांचे बालपण एका वचनात आणि नॉर्वेजियनांचे दुसऱ्या वचनात गेले, आणि एकोणिसाव्या शतकात दोघेही अमेरिकेच्या एकाच माळरानावर शेजारी म्हणून राहावयास आले.

अमेरिकेतील फूट

१८३९ मध्ये सॅक्सनीहून अमेरिकेत आलेला सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर हा १८४७ मध्ये स्थापन झालेल्या मिझुरी सिनडचा नेता. लाइपझिगला विद्यार्थी असताना आपले तारण होईल की नाही या चिंतेने तोही ग्रासला होता. ल्यूथरचेच दुःख तीन शतकांनी त्याच्या वाट्यास आले होते. १८७७ मध्ये आपल्या सिनडच्या एका जिल्हा-परिषदेत त्याने 'विश्वासाच्या दृष्टीने' हे सूत्र सदोष ठरविले. निवड हे विश्वासाचे कारण आहे, विश्वास निवडीचे कारण नाही. अकरावे कलम तेच सांगते. आणि एकालाच का, दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर मनुष्याने देऊ नये, अशी त्याची मांडणी होती.

१८८० च्या जानेवारीत त्याचाच जुना शिष्य एफ. ए. शमिट याने 'आल्टेस उंड नॉयेस' हे नियतकालिक काढून आपल्या गुरूवर छुप्या कॅल्व्हिनवादाचा आरोप केला. शमिट त्या वेळी नॉर्वेजियन सिनडच्या मॅडिसन येथील सेमिनरीत शिकवीत होता. वाल्थरने तेरा सूत्रे मांडली. १८८१ मध्ये मिझुरी सिनडने ती मान्य केली. त्याच वर्षी ओहायो सिनड संयुक्त सिनड-परिषदेतून बाहेर पडली. १८८३ मध्ये नॉर्वेजियन सिनडही, आपल्यातील फूट टाळण्यासाठी, परिषदेबाहेर गेली. पण फूट टळली नाही. १८८७ च्या सुमारास 'मिझुरीविरोधी बंधुसंघ' वेगळा झाला आणि सुमारे एकतृतीयांश नॉर्वेजियन सिनड त्याच्याबरोबर गेली.

ही फूट केवळ पंडितांची नव्हती. पोंटोपिडानची धर्मशिक्षा तोंडपाठ असलेले शेतकरी आपल्या मंडळीच्या सभेत निवडीच्या कारणावर मतदान करीत होते. पाळक बदलले, मालमत्तेचे तंटे झाले, एकाच वस्तीत एकाच पंथाची दोन चर्चे उभी राहिली. दोन्ही पक्ष अकराव्या कलमाचाच दाखला देत होते, आणि दोघांचाही दावा होता की दुसऱ्याच्या शिकवणीमुळे व्यथित माणसाचे सांत्वन हिरावले जाते. दुर्दैवाने दोघेही अंशतः खरे होते. 'तुझ्यात काहीच कारण नाही' असे ऐकणारा, मग मला वगळलेही असेल, या भयाने कापतो. 'तू कसा वागतोस यावर आहे' असे ऐकणारा, मी पुरेसा वागलो काय, या भयाने कापतो.

अखेर २२ फेब्रुवारी १९१२ रोजी मॅडिसन येथे 'ओप्ग्योर', म्हणजे समझोता, झाला. अकराव्या कलमाची मांडणी आणि पोंटोपिडानच्या ५४८ व्या प्रश्नाची मांडणी, दोन्ही ग्राह्य मानण्यात आल्या. ईश्वराला पक्षपाती ठरविणारे एक टोक आणि मनुष्याला तारणाचा भागीदार करणारे दुसरे टोक, दोन्ही वर्ज्य ठरली. १९१७ मध्ये, धर्मसुधारणेच्या चारशेव्या वर्षी, मिनेसोटातील सेंट पॉल येथे नॉर्वेजियन ल्यूथरपंथीयांचे एकीकरण झाले. एका छोट्या गटाला हा समझोता सत्याशी तडजोड वाटला. १९१८ मध्ये आयोवातील लाइम क्रीक येथे त्याने आपली वेगळी सिनड स्थापिली. एका पिढीच्या कलहानंतर बहुसंख्य लोक जेथे पोहोचले, ते ठिकाण १५७७ चेच होते : दोन कुंपणे आणि मधले मौन. फरक एवढाच, की आता त्या मौनात दोन वाक्यांना शेजारी राहण्याची मुभा होती. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा दस्तऐवज हाच होय. कारण त्याने मौनाचा उपयोग कोणालाही बाहेर काढण्यासाठी केला नाही.

मूल्यमापन

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे दोन स्थळे आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिले अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील तित्थसुत्त. मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते पूर्वकृतामुळे, ईश्वरनिर्मितीमुळे अथवा अकारण, अशा तीन मतांचे तथागत तेथे परीक्षण करतात. आणि ही मते धरून बसणाऱ्यास 'हे करावे, हे करू नये' असा उत्साह व प्रयत्न उरत नाही, असा आक्षेप घेतात. हा आक्षेप १५२५ च्या ल्यूथरला लागू पडतो असे म्हणता येईल. पण तो अकराव्या कलमावर जसाच्या तसा फेकणे अन्यायाचे होईल. 'एकवाक्यतेचे सूत्र' लौकिक व्यवहारात मानवी इच्छेला स्वातंत्र्य देते, आणि परिवर्तनानंतर मनुष्य कृपेबरोबर कार्य करतो असेही मानते. प्रयत्न नाकारला आहे तो एकाच बिंदूवर. मात्र तो बिंदू सर्वांत निर्णायक आहे, आणि आमचा आक्षेप तेवढ्याच बिंदूपुरता, पण तेथे ठाम आहे.

दुसरे स्थळ मज्झिम निकायातील चूळमालुंक्यसुत्त. मौन तेथेही आहे. म्हणून दोन्ही मौने एकच, असे सुचविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. बाण लागलेल्या मनुष्याने बाण मारणाऱ्याची जात, उंची आणि गाव विचारीत बसू नये, कारण बाण काढण्यासाठी त्या उत्तरांची गरज नाही, असे तेथे सांगितले आहे. ल्यूथरपंथीय जखमी मनुष्याचा प्रश्न मात्र बाण कोणी मारला हा नाही. वैद्य माझ्याकडे येणार की नाही, हा आहे. या प्रश्नावरचे मौन उपचाराला साहाय्य करीत नाही. ते उपचारालाच अनिश्चित करते. म्हणूनच ते चारशे वर्षांत कोणाला नीट पाळता आले नाही.

परंतु हे लिहिताना आम्ही आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. काही मानवांत बोधीचे बीजच नाही, ते 'अगोत्र' आहेत, असे योगाचार परंपरेत मानले गेले; 'इच्छंतिक' ही संज्ञा त्याच भावनेतून आली. पाचव्या शतकात चीनमध्ये भिक्षू दाओशेंग याने इच्छंतिकही बुद्धत्व पावू शकतो असे सांगितले, तेव्हा संघाने त्याला राजधानीतून घालवून दिले. महापरिनिर्वाणसूत्राचे संपूर्ण भाषांतर दक्षिणेत पोहोचल्यावर त्याचेच म्हणणे खरे ठरले. नवव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये साइचो आणि तोकुइत्सु यांनी याच प्रश्नावर दीर्घ वाद घातला. म्हणजे काहींना आधीच वगळण्याची वृत्ती ईश्वरावाचूनही जगू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने वर्तमान ठरते हे मत इतक्या निग्रहाने का नाकारले, ते या संदर्भात अधिक स्पष्ट होते. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी कोणावरही राहू नये, एवढ्यासाठीच असे सिद्धान्त सोयीचे ठरतात, हे त्यांनी दाखविले.

आमचा निष्कर्ष असा. अकरावे कलम भ्यालेल्या माणसाच्या सांत्वनासाठी लिहिले गेले, आणि त्याच्या लेखकांचा हेतू निर्मळ होता. त्यांनी जे माप दिले तेही खरे आहे. पण त्याच मापाने मोजले असता ते कलम दोनदा उणे पडते : वचन न पोहोचलेल्या जगाकडे पाहताना, आणि त्याच्या नावाने मंडळ्या फुटताना. पहिले उणेपण सिद्धान्ताचे आहे, दुसरे त्याच्या वापराचे. सिद्धान्ताचे उणेपण ईश्वराची कल्पना कायम ठेवून भरून निघेल असे आम्हांस वाटत नाही. वापराचे उणेपण मात्र १९१२ मध्ये काही सामान्य पाळकांनी पुष्कळ अंशी भरून काढले. एखादे मत ऐकल्यानंतर भयग्रस्त मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी काय करू शकतो, असे माप जर्मनीतील त्या मठात घडविले गेले. ते हाती घेऊन आपणही आपली मते तपासावीत.